मेडिकेअर, १ जुलै १९६६: इस्पितळाच्या दोन दारांचं एक दार कसं झालं

जाईजुई

नॉर्थ कॅरोलायनातल्या एका इस्पितळाच्या बिलिंग खात्यात मी बावीस वर्षं काम केलं. मेडिकेअर हा शब्द दिवसातून शंभरदा तरी तोंडातून जायचा. पार्ट ए, पार्ट बी, डिडक्टिबल, क्लेम परत आला, पुन्हा पाठव. पासष्टीनंतर मिळणारा सरकारी आरोग्यविमा, एवढीच माझी त्याची ओळख.

एके दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एक कृष्णवर्णीय आजी कागदपत्रं करायला समोर बसल्या. सह्या करता करता सहज म्हणाल्या, "माझा थोरला याच इस्पितळाच्या तळघरात जन्मला आणि धाकटी वर, तिसऱ्या मजल्यावर. दोघांत चार वर्षांचं अंतर." मला काही उमगेना. त्या म्हणाल्या, "मधे मेडिकेअर आलं ना."

मेडिकेअर म्हाताऱ्यांसाठी. बाळंतपणाशी त्याचा काय संबंध? ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून वाचायला सुरुवात केली. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा काळ आपल्याकडे व्हिएतनामसाठीच आठवला जातो, म्हणून ही दुसरी बाजू इथे मांडते आहे.

आधी त्या तळघराबद्दल. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत काळ्या रुग्णांना एक तर इस्पितळात घेतच नसत, किंवा घेतलं तर वेगळ्या वॉर्डात ठेवत. हा वॉर्ड पुष्कळदा तळघरात असे, बॉयलरच्या शेजारी. दार वेगळं, बसायची जागा वेगळी, रक्ताच्या बाटल्यांवरही वंश लिहिलेला. मला सर्वांत जास्त खुपलं ते पुढचं. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने इस्पितळं बांधायला केंद्र सरकार पैसा देऊ लागलं. भेदभाव करायचा नाही असं त्या कायद्यात लिहिलं होतं आणि लगेच पुढे पळवाट ठेवली होती, की दोन्ही वंशांसाठी वेगळी पण सारख्या दर्जाची सोय असेल तर हरकत नाही. म्हणजे ज्यांच्या करातून इमारत उभी राहिली, त्यांनाच तिच्या पुढच्या दाराने आत जायला मनाई.

या पळवाटेवर घाव घातला तो ग्रीन्सबोरोच्या एका दंतवैद्याने. डॉ. जॉर्ज सिमकिन्स यांच्या एका रुग्णाच्या दाढेत पू झाला होता आणि त्याला दाखल करणं भाग होतं. काळ्यांच्या इस्पितळात खाट रिकामी नव्हती. शहरातली दोन मोठी इस्पितळं त्याला घेईनात, आणि त्या दोघांनीही हिल-बर्टनचा पैसा घेतलेला. सिमकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये खटला भरला. खालच्या कोर्टात ते हरले, पण नोव्हेंबर १९६३ मध्ये अपील कोर्टात जिंकले. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने इस्पितळाचं अपील ऐकायलाच नकार दिला. ग्रीन्सबोरो आमच्या घरापासून दोन तासांवर आहे. त्या गावात मी अनेकदा गेले होते आणि यातलं अक्षरही मला माहीत नव्हतं.

कोर्टात जिंकलं तरी एकेका इस्पितळावर खटला भरायला किती वर्षं लागली असती? इथे जॉन्सन येतात.

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायद्यावर त्यांची सही झाली. सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी भाषणं लांबवून हे विधेयक कामकाजाचे साठ दिवस अडवून धरलं होतं. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड तर एकटे चौदा तासांहून जास्त बोलले. १० जूनला चर्चा थांबवण्यावर मतदान झालं. कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल यांच्या मेंदूत गाठ होती आणि वाचा गेली होती. त्यांना चाकांच्या खुर्चीतून सभागृहात आणलं. नाव पुकारल्यावर त्यांनी हात कसाबसा उचलून डोळ्याकडे नेला. इंग्रजीत डोळा आणि होकार यांचा उच्चार एकच, 'आय'. ते मत धरलं गेलं. ७१ विरुद्ध २९. पुढच्याच महिन्यात एंगल गेले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

या कायद्याचं सहावं प्रकरण अगदी आखूड आहे. जिथे केंद्राचा पैसा जातो तिथे वंश, रंग किंवा मूळ देश यावरून कोणाला वगळायचं नाही. पण इस्पितळांकडे केंद्राचा पैसा तेव्हा जात होता तो मुख्यतः बांधकामापुरता. रोजच्या खर्चाला त्यांना केंद्राची गरज नव्हती.

ती गरज मेडिकेअरने निर्माण केली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या निम्म्याच्या आसपास वृद्धांकडे इस्पितळाचा विमा नव्हता. सर्वांसाठी आरोग्यविम्याचा प्रस्ताव तेव्हाचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १९४५ मध्येच मांडला होता आणि तो पडला होता. १९६४ च्या निवडणुकीत जॉन्सन ६१ टक्के मतांनी जिंकले, काँग्रेसमध्येही (म्हणजे तिथल्या संसदेत) त्यांच्या पक्षाला भक्कम बहुमत मिळालं, आणि अडकलेली गाडी हलली. सिनेटच्या अर्थ समितीचे अध्यक्ष हॅरी बर्ड (हे व्हर्जिनियाचे, वरचे बर्ड वेगळे) विधेयक दाबून ठेवतील अशी भीती होती. जॉन्सन यांनी त्यांना व्हाइट हाउसवर बोलावलं, बैठक संपल्यावर टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे उभं केलं आणि सगळ्या देशादेखत विचारलं, की तुम्ही सुनावणी लवकर घेणार ना? बर्ड यांना हो म्हणावं लागलं.

३० जुलै १९६५ रोजी सही झाली, पण वॉशिंग्टनमध्ये नाही. जॉन्सन त्यासाठी मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावी गेले, ट्रुमन यांच्या गावाला. ट्रुमन तेव्हा ८१ वर्षांचे होते. पहिलं कार्ड त्यांना आणि दुसरं त्यांच्या पत्नी बेस यांना दिलं.

आता इस्पितळांच्या बाजूने पाहा. दीड-दोन कोटी वृद्धांची बिलं १ जुलै १९६६ पासून सरकार भरणार, आणि वृद्ध हेच इस्पितळांचे सर्वांत नेमाचे रुग्ण. हा पैसा कोणाला सोडवेल? मार्च १९६६ मध्ये सर्जन जनरल, म्हणजे केंद्राच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचे प्रमुख, विल्यम स्टुअर्ट यांचं पत्र देशभरच्या इस्पितळांना गेलं. पैसे हवे असतील तर सहाव्या प्रकरणाचं पालन करत असल्याचं लिहून द्या, आम्ही येऊन पाहू.

आणि ते खरोखर आले. यासाठी एक छोटं कार्यालय उभं केलं होतं आणि आरोग्य खात्यातून, सोशल सिक्युरिटीतून शेकडो माणसं उसनी घेतली होती. थोडंसं प्रशिक्षण देऊन त्यांना दक्षिणेत धाडलं. वॉर्ड पाहायचे, उपाहारगृह पाहायचं, एका खोलीत कोण कोणाच्या शेजारी आहे ते पाहायचं, काळ्या डॉक्टरांना तिथे रुग्ण दाखल करता येतात का हे विचारायचं. काही इस्पितळांनी पाहणीच्या दिवसापुरते रुग्ण इकडचे तिकडे हलवले. पण तिथेच झाडलोट करणारी, स्वयंपाकघरात राबणारी, कपडे धुणारी काळी माणसं संध्याकाळी तपासनिसांना खरं काय ते सांगत. नोकरी जाण्याची भीती होती, तरी सांगत. जॉन्सन यांच्या सहीइतकंच श्रेय मी या माणसांना देते.

चार महिन्यांच्या आत हजाराच्या आसपास इस्पितळांनी वेगळे वॉर्ड मोडले. १ जुलै उजाडला तेव्हा देशातली दहातली नऊहून जास्त इस्पितळं पात्र ठरली होती. एकदा वॉर्ड मोडला की तो सगळ्यांसाठीच मोडला. म्हाताऱ्यांच्या विम्याने बाळंतिणीला तळघरातून वर आणलं ते असं.

इथे कोणी त्या काळात अमेरिकेत होतं का? आणि माझ्या मांडणीत काही राहिलं असेल तर जरूर सांगा.

——— प्रतिसाद ———

सह्यकडा
अप्रतिम धागा, ताई. एंगल यांचा प्रसंग वाचून गलबललो. एक शंका आहे. डॉक्टरांचा या योजनेला कडाडून विरोध होता असं ऐकलं होतं. त्यांचं काय बिनसत होतं?

जाईजुई
सह्यकडा, धन्यवाद. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं म्हणणं असं, की आज सरकार बिल भरेल आणि उद्या उपचार काय करायचे तेही सांगेल. त्यांनी या योजनेला समाजवादी वैद्यक असं नाव दिलं होतं, आणि शीतयुद्धाच्या काळात ते नाव चांगलंच झोंबणारं होतं. १९६१ मध्ये त्यांनी एक ग्रामोफोनची तबकडी काढली. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचं, तबकडी ऐकवायची आणि मग सगळ्यांनी बसून आपापल्या खासदाराला विरोधाचं पत्र लिहायचं. तबकडीवरचा आवाज होता तेव्हाचे अभिनेते रोनाल्ड रेगन यांचा.

मे १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये या योजनेसाठी मोठी सभा घेतली. सभा पांगल्यावर असोसिएशनने तीच जागा भाड्याने घेतली आणि त्यांचे वक्ते डॉ. एडवर्ड ॲनिस यांनी रिकाम्या खुर्च्यांपुढे उभं राहून टीव्हीवर उत्तर दिलं. केनेडींच्या हयातीत विधेयक काही पुढे सरकलं नाही.

पिंपळपान
लेख आवडला, पण जॉन्सन यांना इतकं श्रेय देणं मला पटत नाही. १९३७ ते १९५६ या सगळ्या काळात, आधी प्रतिनिधिगृहात आणि मग सिनेटमध्ये, नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकाविरुद्ध या गृहस्थांनी मत दिलं. खासगीत काळ्यांबद्दल ते कसं बोलत तेही नोंदलेलं आहे. जमीन नांगरली ती माँटगोमेरीत बसवर बहिष्कार घालणाऱ्यांनी, बर्मिंगहॅममध्ये पाण्याचे फवारे आणि कुत्रे अंगावर घेणाऱ्या पोरांनी, मतदानाच्या हक्कासाठी अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर डोकी फोडून घेणाऱ्यांनी. सही करणारा हात आणि सही करायला लावणारे हात, यांत दुसरे मोठे.

तळ्याकाठी
पिंपळपान, मतं तुम्ही बरोबर सांगितलीत. तरी एक गोष्ट जोडते. १९२८ मध्ये कॉलेजचा खर्च भागवायला विशीतले जॉन्सन टेक्ससमधल्या कोटुला गावी शिक्षक म्हणून गेले. शाळा मेक्सिकन मजुरांच्या मुलांची. उपाशीपोटी शाळेत येणारी ती मुलं ते विसरले नाहीत. सेल्मानंतर आठवड्याभराने, १५ मार्च १९६५ ला काँग्रेसपुढे मतदान हक्काच्या कायद्याची मागणी करताना त्यांनी त्याच मुलांची आठवण काढली. त्या मुलांसाठी काहीतरी करायची संधी आता हाती आली आहे आणि ती मी वापरणार आहे, अशा अर्थाचं ते बोलले. आणि त्याच भाषणात चळवळीच्या गाण्याचे शब्द त्यांनी स्वतः उच्चारले. एखाद्याने वीस वर्षं चुकीचं मत दिलं म्हणून एकविसाव्या वर्षीचं बरोबर मत खोटं ठरत नाही, असं मला मनापासून वाटतं.

मतदानाच्या कायद्याचा परिणामही पाहा. मिसिसिपीत १९६५ च्या आधी पात्र काळ्या नागरिकांपैकी ६.७ टक्के मतदारयादीत होते. १९६७ मध्ये ५९.८ टक्के.

पिंपळपान
आकडे मान्य. आणि कोटुलाचं मला ठाऊक नव्हतं, त्याबद्दल आभार. क्रमाबद्दल माझं म्हणणं मात्र तेच: सेल्मा आधी, भाषण नंतर.

अंकगणित
खर्चाचा मुद्दा राहिला, आणि तो लहान नाही. डॉक्टर-इस्पितळांचा विरोध मोडायला सरकारने त्यांना फार उदार अटी दिल्या. इस्पितळाला जो वाजवी खर्च येईल तो भरून द्यायचा, वर सुरुवातीला दोन टक्के. डॉक्टरांना त्यांची रूढ फी. खर्च जितका जास्त तितकं बिल जास्त, मग हात आखडता कोण घेणार? अमेरिकेतला वैद्यकीय खर्च त्यानंतर कसा चढत गेला ते सगळ्यांना दिसतं आहे. योजना चांगली होती, पण तिचा हिशोब पहिल्या दिवसापासून कच्चा होता.

जाईजुई
अंकगणित, हा मुद्दा शंभर टक्के मान्य. उतारा निघाला १९८३ मध्ये. आजाराच्या गटानुसार आधीच ठरलेली रक्कम द्यायची, इस्पितळाने कितीही खर्च करो. यालाच आम्ही डीआरजी म्हणायचो, माझं निम्मं आयुष्य त्या कोडमध्ये गेलं. त्या कायद्यावर सही केली ती अध्यक्ष रेगन यांनी, म्हणजे तबकडीतल्या त्याच माणसाने. योजना मोडण्याऐवजी त्यांच्या काळात तिच्या हिशोबाची दुरुस्ती झाली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

उदार अटींचा आणखी एक तोटा सांगते, मूळ लेखात यायला हवा होता. पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या फीचा भाग, सहाव्या प्रकरणातून बाहेर ठेवला गेला. तो रुग्णाचा स्वतःचा विमा आहे, डॉक्टरला सरकारी मदत नाही, असा अर्थ लावला. त्यामुळे इस्पितळाचं दार एक झालं तरी कितीतरी खासगी दवाखान्यांत काळ्या-गोऱ्यांच्या बसायच्या खोल्या पुढेही वेगळ्या राहिल्या.

जुना स्टेथोस्कोप
तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी १९७१ मध्ये मुंबईहून एमबीबीएस होऊन शिकागोला आलो. विमानतळावर उतरलो तेव्हा खिशात आठ डॉलर होते. आम्ही इथे येऊ शकलो तेही याच अध्यक्षांमुळे. ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी बसून त्यांनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला शंभर माणसांचा. अख्ख्या देशाला शंभर! तोही १९४६ मध्ये मिळालेला. त्यापूर्वी तर आपल्या माणसाला नागरिकत्वच नव्हतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते नाकारलं. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, आणि निकालानंतर सरकार खुद्द पंडितांचं नागरिकत्व काढून घ्यायला निघालं. ते मात्र आपला खटला जिंकले.

नव्या कायद्याने देशावरचा कोटा गेला आणि कौशल्याला जागा मिळाली. त्याच वेळी मेडिकेअर आणि मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) यांमुळे इस्पितळांत रुग्ण वाढले आणि डॉक्टर पुरेनात. रेसिडेंट डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा खर्चही मेडिकेअर उचलू लागलं. म्हणजे माझ्या पहिल्या पगारात मेडिकेअरचा वाटा होता. हे मला फार उशिरा कळलं.

गोऱ्या पदवीधरांना नको असलेल्या जागा आम्हाला मिळत, शहराच्या गरीब वस्तीतल्या. माझे बहुतेक रुग्ण मिसिसिपी आणि अलाबामातून उत्तरेला आलेले काळे मजूर आणि त्यांच्या आया. त्यातल्या कित्येक म्हाताऱ्या साठी-पासष्टीपर्यंत डॉक्टरची पायरीच चढलेल्या नव्हत्या. रक्तदाब दोनशेच्या वर, साखर कधी तपासलेली नाही. एका आजींनी ते कार्ड रुमालात बांधून ठेवलं होतं. प्रत्येक वेळी त्या गाठ सोडून मला दाखवायच्या, मी कितीदा सांगितलं की नोंद आहे, तरी. पुढे कार्डिऑलॉजीत चाळीस वर्षं काढली, पण त्या गाठीइतकं लक्षात राहिलेलं दुसरं काही नाही.

सह्यकडा
काका, यावर तुम्ही स्वतंत्र धागा काढा, ही आग्रहाची विनंती. त्या काळात आलेल्या डॉक्टरांबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे.

रात्रपाळी
थोडं अवांतर होईल, पण व्हिएतनाम वगळून हा विषय पुरा होत नाही. जानेवारी १९६४ मध्ये जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं. लहानग्यांसाठी हेड स्टार्ट, तरुणांसाठी जॉब कोअर, गरिबांना अन्न घेण्यासाठी फूड स्टॅम्प हे सगळं त्याच काळातलं. सरकारी मोजणीनुसार १९६४ मध्ये १९ टक्के अमेरिकन गरीब होते, १९७३ मध्ये ११.१ टक्के. यात तेजीचाही वाटा आहे. पण युद्धाचा खर्च वाढत गेला, महागाई आली, आणि १९६८ मध्ये आयकरावर दहा टक्के अधिभार लावायची वेळ आली. काँग्रेसने त्या बदल्यात सहा अब्ज डॉलरची खर्चकपात मागितली आणि घेतली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये नेमकं हेच सांगितलं होतं, की गरिबांचा पैसा युद्ध गिळतं आहे. एकाच माणसाच्या दोन सह्या, एक मेडिकेअरवर आणि एक सैन्य वाढवण्यावर, आणि दोन्ही जुलै १९६५ मधल्या. मला हे दोन्ही एकत्र धरूनच पाहावं लागतं.

तळ्याकाठी
जाईजुईताई, वेगळे वॉर्ड मोडल्यावर काळ्यांच्या स्वतःच्या इस्पितळांचं काय झालं?

जाईजुई
तळ्याकाठी, तो भाग लिहायला जड जातो. रुग्णांना मोठ्या इस्पितळांची दारं उघडली आणि ही इस्पितळं रिकामी होत गेली. डरहॅमचं लिंकन इस्पितळ १९०१ पासून चालू होतं, ते १९७६ मध्ये बंद झालं. गोऱ्यांचं वॉट्सही तेव्हाच बंद झालं आणि दोन्हींच्या जागी काउंटीचं एक नवं इस्पितळ आलं. सेंट लुइसचं होमर फिलिप्स १९७९ मध्ये बंद केलं, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. काळ्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या पिढ्या तिथेच शिकल्या होत्या. नव्या एकत्र इस्पितळात रुग्णाला खाट मिळाली, पण तिथल्या मेट्रनला पूर्वीचा मान आणि पद मिळेलच असं नव्हतं.

रात्रपाळी, तुमच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. दोन्ही सह्या खऱ्या.

पिंपळपान
ताई, शेवटचा प्रश्न. ज्या तळघरात त्या आजींचा थोरला मुलगा जन्मला, ते अजून आहे का?

जाईजुई
आहे. आमच्या जुन्या बिलांच्या फायली तिथेच असायच्या. आजींशी बोलणं होईपर्यंत मी आठवड्यातून एकदा तरी तिथे उतरत असे. भिंतीत एका ओळीत, कंबरेच्या उंचीवर, बुजवलेल्या नळांची तोंडं होती. कशाला असतील, असं कधी मनातही आलं नव्हतं. नंतर एकदा खाली गेले आणि मोजली. अकरा होती.